साहेब झोपलेत

मालनच्या दारातून चोर काय, वाराही विचारल्याशिवाय आत यायचा नाही, असं ती नाहूरच्या साऱ्या चाळीला ऐकवायची. सहदेव वेल्डिंगच्या कामावर मस्कतला गेल्यापासून तिची एक युक्ती होती. दारात अनोळखी माणूस दिसला की ओठांवर बोट ठेवायचं. "हळू बोला. हे झोपलेत, रातपाळी आहे." एकटी बाई, दुसरं काय करणार?

एका दुपारी चहाच्या कंपनीची नीला माहिती गोळा करत आली. घरात माणसं किती, चहा कसा लागतो? मालन अशी खुलली, की जणू माहेरचं माणूस दारात आलंय. इतकं तर तिला सणावारीही कोणी विचारत नसे.

"माणसं दोन. यांना आलं जास्त लागतं. बशीत ओतून, फुंकर घालून पितात. दिवसा झोपतात, पण झोप कसली, सारखी कूस बदलतात."

सांगता सांगता बशीवरची ती फुंकर तिच्याच गालाला लागली.

"हे सगळं कंपनीकडे ठेवू ना?" नीलाने विचारलं.

"ठेव की."

चार दिवसांत गादीवाला आला. मागोमाग शांत झोपेचं तेल, दाढीची पाती, विमा. जिना म्हणजे जत्रेची वाट झाली, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "साहेब उठले का?"

शेजारच्या शांताबाई सहदेवच्याच गावच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "सहदेव आला नि बोलली नाहीस गं?"

"आले नाहीत हो."

"मग रोज झोपतो कोण?"

मालन खरं सांगायला तोंड उघडते, तोवर शांताबाईंनी गावी निरोपही धाडला होता. सासूबाई लेकासाठी ओले काजू घेऊन हजर. "झील खंय माझो?"

मालनने सगळं सांगितलं. सासूबाई रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या. काजूची पिशवी मांडीवरून काही खाली ठेवली नाही.

मालन तडक मुलुंडला कंपनीत गेली. "ठेवायला हो म्हटलं होतं मी. साऱ्या मुंबईला वाटायला नव्हे!"

"वहिनी, एकदा हो म्हटलं की वरचे देतात पुढे," नीला ओशाळली. "तुमचं 'हो' कुठवरचं, ते मी विचारायला हवं होतं. थांबा, आत्ता दुरुस्त करते. साहेबांचं नाव खोडू? घरात माणूस एकच लिहिते, मग कोणी येणार नाही."

नीलाचं पेन टेकलं. एकच. मालनला आल्याच्या चहाचा वास आला, कुठून कोण जाणे.

"राहू दे," ती म्हणाली. "दोनच असू देत."

ती परतली तेव्हा दारात पंखेवाला उभा होता. "साहेब आहेत का?"

आता सासूबाई काय बोलतात, म्हणून मालन जिन्यातच थबकली. म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे. झील झोपलोहा."