कासवाच्या मानेचा स्वेटर

लेकीचा, सोनलचा, साखरपुडा होऊन आठवडा झाला होता. इचलकरंजीच्या व्याह्यांनी तात्यासाहेबांना स्वेटर पाठवला. करडा, मऊ, उंच गळ्याचा. तात्यासाहेबांनी तो लगेच अंगात घातला, आरशात चारदा बघितलं, आणि काढताना गळ्यातल्या पट्टीवरची इंग्रजी अक्षरं वाचली. 'टर्टल नेक.'

"टर्टल म्हणजे कासव," ते पुटपुटले. "नेक म्हणजे मान."

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणाऱ्या जैनाच्या घरात कासवाची मान! त्यांनी स्वेटर झुरळ झटकावं तसा फेकला.

"अवो, सोनलला तरी विचारा," त्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या. "शाळेत इंग्रजी शिकवती की ती."

"मॅट्रिकला इंग्रजीत एकाहत्तर पडल्यात मला!"

आणि त्यांनी व्याह्यांना, बाबगोंडा मगदुमांना, फोन लावला. "मगदूम, कासव मारून केलेलं कापड आमच्या घरात पाठवताय व्हय? ही सोयरीक करायची का न्हाय, इचार करावा लागंल!"

पलीकडून फोनच बंद झाला.

संध्याकाळी सोनल आली. तिने सगळं ऐकलं आणि फेकलेला स्वेटर उचलून पट्टी वाचली.

"अण्णा, ह्यात लोकरसुदिक न्हाय, साधा धागा हाय. दुमडलेल्या गळ्यातनं माणसाचं डोकं वर निघतंय, कवचातनं कासवाचं निघतंय तसं. म्हणून ते नाव. इंग्लंडात ह्यालाच पोलो नेक म्हणत्यात."

"पोलो? म्हणजे घोडं बी..."

"अण्णा!" तिचे डोळे भरून आले. "माझं लग्न मोडलासा तुम्ही."

तात्यासाहेबांना लेकीकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी इचलकरंजीची एसटी धरली. वाटेत माफीची वाक्यं जुळवली. 'कासव' आलं की जीभ अडखळायची.

मगदुमांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बाबगोंडा चटईवर पडले होते. तात्यासाहेबांना बघताच ते धडपडत उठले आणि थेट त्यांच्या पाया पडले.

"डोळं उघडलासा व्याही! सात हिवाळं मी असलाच स्वेटर घातला. वर्षाला एक, असं सात उपास धरलोय. कालपास्नं पाण्याचा थेंब न्हाय."

कोपऱ्यात त्यांचा मुलगा, होणारा जावई ऋषभ, कपाळ धरून उभा होता.

"ह्यो म्हणतोय, कासव न्हाय त्यात," बाबगोंडा म्हणाले. "म्हटलं, तात्यासाहेबांच्यापेक्षा तुला इंग्रजी जास्त कळतंय व्हय रं?"

गप्प बसलं तर सगळंच निभावत होतं. सोयरीक शाबूत, वर मान दुप्पट. पण समोर बाबगोंडांचे ओठ पांढरे पडले होते.

"मगदूम," ते कसेबसे म्हणाले, "ऋषभचं बरोबर हाय. ते नुसतं नाव हाय, गळ्याच्या आकारावरनं पडलेलं. मलाच इंग्रजी येत न्हाय."



"म्हणजे कासव न्हाय?"

"न्हाय."

"अजिबात?"

"केससुदिक न्हाय त्याचा."

तांब्या उचलून बाबगोंडा घटाघटा पाणी प्यायले आणि आत वळून ओरडले, "पोहे टाका गं! एकच ताट. राहिलेलं सहा उपास व्याही धरणार हाईत!"

तात्यासाहेबांनी मुकाट्याने मान डोलावली आणि मघाशी पुढ्यात आलेला चहाचा कप हळूच बाजूला सरकवला.