कोबीच्या ढिगावरची पिशवी

"भाजी कशी आणतात ते आता मी दाखवतो!" निवृत्त हेडक्लार्कनी घरात शिरताशिरताच जाहीर केलं. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला ते नुकतेच चारचौघांत सुनावून आले होते. "काटा मारतेस! पुन्हा तुझं तोंड बघणार नाही!" आता बिल्डिंगमधल्या आठही घरांची भाजी घाऊक बाजारातून येणार होती. निवृत्तीनंतर त्यांचा हुकूम मानणारा घरात एकटा पंखा उरला होता, आणि तोही तीनच्या पुढे जात नव्हता. त्यामुळे ही मोहीम फत्ते होणं फार गरजेचं होतं.

"अहो, तुम्हाला पालक आणि मेथीतला फरक कळतो का?" बायकोने विचारलं.

"पस्तीस वर्षं ऑफिस चालवलंय!"

पहाटे ते बाजारात पोचले. ट्रक, हमाल, आरडाओरडा! कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, तरी सगळं सुरळीत चाललेलं. साहेबांना ऑफिसची आठवण येऊन भरून आलं. तेवढ्यात बुटाची नाडी सुटली. हातातली पिशवी शेजारच्या कोबीच्या ढिगावर ठेवून ते खाली वाकले.

उठून बघतात तर हमाल कोबी पोत्यांत भरतायत!

"गाडी कुठाय, साहेब?" दलालाने विचारलं.

"मी बसने आलोय."

"चाळीस पोती बसमध्ये?"

"मी कुठे काय घेतलं?"

"ढिगावर पिशवी कोणाची? इथं पिशवी पडली की माल त्याचा! तुमची पिशवी बघून माझी तीन गिऱ्हाइकं परत गेली!"

"लेखी नियम दाखवा!" साहेब गरजले. आजूबाजूचे हमाल इतके हसले की एकाच्या डोक्यावरचं पोतं खाली आलं. साहेबांना दरदरून घाम फुटला. चाळीस पोती कोबी! बायको घरात घेईल का? कोबीला नाही, त्यांना!

तेवढ्यात एक कळकट पिशवी उडत आली आणि त्यांच्या पिशवीवर पडली. मागे कोपऱ्यावरची भाजीवाली उभी होती.

"माल माझा," ती दलालाला म्हणाली. "आम्ही सगळ्या हातगाडीवाल्या वाटून घेतो. काकांना सोडा, त्यांना काय कळतंय!"

आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता, आणि एवढं हायसंही वाटलं नव्हतं.

तिच्याच टेम्पोतून, तिच्याच दराने घेतलेली भाजी घेऊन साहेब परतले. तिने तराजू त्यांच्याच हातात दिला होता. "मोजा तुम्हीच!" आणि घात झाला! बिल्डिंग खूश! "वा! काय ताजी! आता दर रविवारी तुम्हीच जायचं!"

तेव्हापासून साहेब दर रविवारी अंधारात रुबाबात निघतात, गल्लीच्या टोकाला वळतात आणि आठ वाजेपर्यंत भाजीवालीच्या गाडीमागे लपून बसतात. नुसतं बसू द्यायला ती काही खुळी नाही.

परवा बायकोने त्यांची हिरवी झालेली नखं निरखून पाहिली.

"घाऊक बाजारात हल्ली मटारही सोलायला लावतात वाटतं?"