लिंबाजीमामांचा डोंगर

लिंबाजीमामा रेल्वेचा भराव कधी सरळ चढत नसत. पिंगळी स्टेशनच्या अलीकडे रूळ ओलांडूनच आमच्या शेताकडे जावे लागते. तो भराव दीड पुरुष उंच असेल नसेल. शेळ्या दोन उड्यांत वर जातात. मामा मात्र काठी टेकत आधी डावीकडे तिरपे जायचे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मध्ये थांबून दम खायचे, तोही दम लागलेला नसताना. गेटमनचाचा ओरडायचे, "लिंबाजी, गाडी आ रही है! उतर रे बाबा!"

"येऊ द्या," मामा शांतपणे म्हणायचे. "डोंगर घाईनं चढू न्हाई."

आमच्या भागात डोंगर नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते. नजर जाईल तिथवर काळे रान, कापूस आणि ज्वारी. अशा मुलखात मामा, म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, भेटेल त्याला ओल्या डोंगरात कसे चालावे ते शिकवत. न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असताना शिकवत. एका लग्नात तर अक्षता पडल्याबरोबर त्यांनी नवरदेवाला बजावले होते, "हिरव्या दगडावर पाय देऊ नको बाबा. पाय हाय तर गाव हाय."

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेले नव्हते. निजामी संपायच्या आधी एका दुष्काळात ते गावची मेंढरे घेऊन, गवताच्या मागे मागे, पार सह्याद्रीपर्यंत गेले. गेले तेव्हा मोठा कळप होता. परत आले ते सहा मेंढ्या घेऊन. "नाल्याला पाणी आलं, सगळी नेली," एवढेच बोलले. पाऊस होता का, असे लोकांनी विचारले. मामा म्हणाले, "न्हवता. ऊन पडलं होतं."

नदीचे वेगळे, पण साधा नाला भर उन्हात कळप वाहून नेतो, हे गावात कुणाला पटणार? लिंबाजीने मेंढरे विकून खाल्ली, असे ठरले. कळपात सगळ्यांत जास्त मेंढ्या आमच्या होत्या, त्यामुळे ते ठरवण्यात आबा, म्हणजे माझे वडीलच, पुढे होते. तेव्हापासून मामांच्या हाती कुणी करडूसुद्धा दिले नाही. ते रोजाने लोकांच्या रानात जात आणि एकटे राहत.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजची सहल सह्याद्रीत निघाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि डोंगर तर आमच्यात कुणीच चढले नव्हते. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. म्हणून मी मामांकडे गेलो.

आपणहून विचारायला आलेला मी पहिलाच असेन. मामांना काही सुचेना. त्यांनी मला बसायला घोंगडी अंथरली आणि मी बसायच्या आत तीच उचलून माझ्या हातात दिली. "हीच ने. सुती भिजलं की थंडी हाडात शिरती. लोकर वली झाली तरी ऊब देती."

मग चार दिवस मी पाठीवर ज्वारीचे पोते घेऊन भराव चढत होतो. मामा मागून सूचना देत.

"चालता चालता गोष्ट सांग. गोष्ट तुटली की समज, तू पळायलास. भूक लागायच्या आधी खायचं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात करडीचं तेल लाव. कपड्याचा कोरडा जोड मेणकापडात बांध. रात्री कोरडं घालायचं, सकाळी पुन्ना वलंच."

"वलं कशाला, मामा?"

"कोरडं भिजवलंस तर रात्री काय घालशील, तुझ्या सरचं धोतर?"

शेवटची सूचना त्यांनी हळू आवाजात दिली. "नाल्यानं उतरायचं न्हाई. आपल्याकडं नाला म्हंजी गाडीवाट. तिथं तसं न्हाई. पाणी वर पडतंय, अन् येतंय खाली, उन्हात."

आबा रुळापलीकडून म्हणाले, "मेहुणं, कळप बुडवलास, आता पोरगं बी बुडीव!" मामांनी माझ्या पाठीवरचे पोते सारखे केले.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही परत उतरत होतो. पाऊस थांबून ऊन पडले होते. डोंगराच्या धारेवरची वाट लांबून वळसा घेत होती, आणि समोर एक रुंद नाला सरळ खालच्या गावात उतरत होता. पाणी घोट्याएवढेसुद्धा नव्हते. जिंतूरचा गंगाधर म्हणाला, "चला की! आपल्याकडं असल्या नाल्यातून बैलगाड्या जात्यात." सगळे आमच्याच भागातले. सगळ्यांना पटले.

मी सरांसमोर कधी तोंड उघडलेले नव्हते. कसेबसे म्हणालो, "सर, नाल्यानं नको."

"का?"

"मामा म्हणतात."

मुले हसली. सरांनी विचारले, "काय करतात मामा?"

"मेंढरं राखायचे. याच डोंगरात त्यांचा कळप गेला, सर."

सरांनी एकदा वर बघितले. शिखर ढगात बुडालेले होते. "धारेनं चला," ते म्हणाले.

आम्ही जेमतेम वळसा घेतला असेल. खालून मालगाडी आल्यासारखा आवाज आला. नाला या काठापासून त्या काठापर्यंत तांबड्या पाण्याने भरून चालला होता. आमच्या अंगावर ऊनच होते. गंगाधर माझ्या घोंगडीचे टोक धरून किती तरी वेळ उभा राहिला.

वळशामुळे गाडी चुकली. एक दिवस उशिरा पिंगळीला उतरलो, तर फलाटावर आबा आणि मामा, दोघे दोन टोकांना. चाचा म्हणाले, "कलसे हर गाडी देखी दोनों ने. एक दूसरे से बात नहीं की."

मामांनी माझी विचारपूस केली नाही. खाली बसले आणि म्हणाले, "पाय दाव." माझ्या बोटांची एकेक बेचकी तपासत होते, तेव्हा मी आबांना सगळे सांगितले. नाल्यापाशी आलो तसे मामांचे हात थांबले.

"पाऊस नसताना?" आबांनी विचारले.

"ऊन पडलं होतं, आबा. मी डोळ्यांनी बघितलं."

आबा फलाटावरच बसले. म्हणाले, "मेहुणं, मी लय बोललो तुला. इतकी वरसं."

मामांचे तिकडे लक्षच नव्हते. माझा पाय अजून त्यांच्या हातात होता.

"नाल्यात कुणाची मेंढरं तर न्हवती ना रे?"

"नव्हती, मामा. एकसुद्धा नव्हतं."

"बरं झालं," मामा म्हणाले. "लय बरं झालं."