पडलेल्या साहेबांचं पिठलं

निवडणुकीतलं कौसल्याबाईंना कुणी शिकवायचं नाही! निरवांगीत कुणाच्या घरात किती मतं, त्यातली रुसलेली किती आणि गरम भजी खाऊन परत येणारी किती, हे त्या भाकरी थापता थापता सांगत. शाळा चौथीतच सुटली होती. पण किराणा बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय त्या चुलीत घालत नसत. आता त्यांचे यजमान रामहरी नुकतेच पंचायत समितीला सात मतांनी पडले होते, ही गोष्ट खरी. पण त्यात कौसल्याबाईंचा हिशेब चुकला नव्हता, चुकली होती ती सात माणसं!

म्हणून सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात जपानचे खासदार तोकुमारूसाहेब गावची महिला दूध संस्था बघायला येणार म्हटल्यावर बाया एका सुरात म्हणाल्या, "स्वागताचं कौसल्याताई बघतील!"

"बघती की," कौसल्याबाई म्हणाल्या. "पुढारी जपानचा असंना का, पुढारीच की!"

काम जोखमीचं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध इंदापूरला पोचेपर्यंत टेम्पोतच नासायचं. दिवसभर म्हशींमागं राबायचं आणि सगळं ओतून द्यायचं! बायांना दूध गार ठेवणारी मोठी टाकी हवी होती, आणि साहेबांनी शब्द टाकला तर ती जपानच्या मदतीतून मिळणार होती. साहेब खूश झाले तर टाकी. नाराज झाले तर नासकं दूध.

आठवडाभर आधी दुभाषी स्वराली येऊन गेली. मुलगी बारामतीची, पुण्याला जपानी शिकलेली. कौसल्याबाईंनी चहा पुढं करत थेट मुद्द्याला हात घातला.

"पोरी, साहेबांच्या मतदारसंघाचं सांग. पुढाऱ्याची नाडी तितं असती."

"वडिलांपासूनचा आहे, काकू. वडील जन्मभर तिथून निवडून आले. ते गेल्यावर त्र्याण्णव साली हे उभे राहिले."

"कितवे आले?"

"चौथे."

कौसल्याबाईंनी बशी खाली ठेवली. "आन मग?"

"मग आत्ता शहाण्णवला दुसरे. पण काकू, तिकडची पद्धत जरा..."

तेवढ्यात फाट्यावर बारामतीची एसटी वाजली आणि स्वराली पर्स सावरत पळाली.

चौथे! अहो, आपल्याकडं चौथा म्हणजे काय? डिपॉझिट गेलं, मंडपवाला दारात बसला, आणि शेजारी विचारतोय, "तुमी बी हुबं होता व्हय?"

"बापाची जागा आन पोरगं चौथं! परत हुबं ऱ्हायलं तर दुसरं! दोनदा पडलं की वो बिचारं," त्या रामहरींना म्हणाल्या.

निकाल लागल्यापासून रामहरी भिंतीकडं तोंड करून पडलेले असत. तसेच म्हणाले, "मग खासदार कसं?"

"म्हणत असत्याल मानानं."

"व्हय. मला न्हाय का लोकं मेंबर म्हणत?"

"ती चेष्टेनं म्हणत्यात!"

बेत तिथंच बदलला. हलगी रद्द, फेटा रद्द, बासुंदी रद्द. गुलालाचं तर नावच नको, जखमेवर चोळायचाय का? कौसल्याबाईंना स्वतःच्या घरचा निकालाचा दिवस आठवला. चूल पेटली नव्हती. जिंकलेल्यांची मिरवणूक दारावरनं गेली आणि तिच्या मागनं शेजारची भामाबाई आली, पदराखाली पिठलं-भाकरी झाकून, दुखवट्याच्या घरी नेतात तशी. एक शब्द बोलली नाही. जेवू घालून गेली. त्या पिठल्याची चव कौसल्याबाईंच्या जिभेवर अजून होती.

"पडलेल्या माणसाला पिठलंच पायजे," त्यांनी फर्मान काढलं. "आन कुणी हसायचं न्हाय! निवडणुकीचा न काढायचा न्हाय!"

तो दिवस उजाडला. मानाची म्हणून साहेबांची जीप पुढं होती, स्वरालीची मागं. मागची भिगवणला पंक्चर झाली. साहेब आणि ड्रायव्हर तेवढे गावात पोचले.

साहेब उतरले, ते हसतच. आणि बघतात तर काय, सगळं गाव मुकं! बाप्ये टोप्या काढून उभे. बायांचे पदर कपाळाच्या खाली. गावातले सगळ्यात म्हातारे तात्याबा पुढं झाले आणि साहेबांच्या पाठीवरनं हात फिरवून म्हणाले, "चालायचंच."

साहेबांचं हसू ओठावरच वाळलं. नक्की कुणीतरी गेलंय! त्यांनी हॅट काढली आणि कमरेत असे वाकले, की कोट मागनं वर गेला.

"बगा," कौसल्याबाई कुजबुजल्या, "दुख्ख अजून ताजं हाय!"

भामाबाईनं डोळ्याला पदर लावला. तिचं रडं बघून साहेब आणखी वाकले. साहेब वाकले म्हणून तात्याबांनी त्यांना काखेत हात घालून सरळ केलं. सरळ केल्याबद्दल साहेब पुन्हा वाकले! विहिरीवरच्या रहाटासारखं दोघांचं खालीवर चाललं होतं.

कसंबसं त्यांना संस्थेच्या खोलीत आणलं. आणि तिथं घात झाला. समोरच्या भिंतीवर रामहरींचा प्रचारातला फोटो होता. हात जोडलेला, गोड हसणारा, आणि प्रचाराच्या वेळचा हार सुकून तसाच लटकलेला! निकालानंतर तो उतरवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

साहेबांना सगळा उलगडा झाला. त्यांनी खिशातून एक छोटी जपमाळ काढली, फोटोपुढं उभे राहिले, डोळे मिटले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणू लागले.

"ह्यो काय करतोय?" तात्याबांनी विचारलं.

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. आतल्या दारातनं पिठल्याचं पातेलं घेऊन रामहरी आले. प्रचारातलाच सदरा, चेहरा तोच. ते साहेबांच्या पाठीशी उभे राहून अदबीनं म्हणाले, "या साहेब, जेवून घ्या."

साहेबांनी वळून बघितलं. फोटोकडं बघितलं. परत रामहरींकडं बघितलं. आणि जपानी भाषेत जी किंकाळी फोडली, ती कळायला दुभाषी लागली नाही! साहेब मागं सरकले ते दुधाच्या रिकाम्या कॅनवर आदळले. कॅन गडगडत अंगणात गेले, आणि बरोबर तेवढ्यात येऊन पोचलेल्या स्वरालीच्या जीपच्या चाकाखाली!

"काकू! काय केलंत हे?"

कौसल्याबाईंनी चौथ्या नंबरापासून सगळं सांगितलं. स्वरालीनं कपाळाला हात लावला.

"अहो, तेव्हा तिथं एका मतदारसंघातून चार जण निवडून यायचे! चौथे आले म्हणजे जिंकले!"

तात्याबा म्हणाले, "पंचायतीला वॉर्डातनं तिघं येत्यात, ते ठावं हाय. पर खासदारकीला चार? मग भांडायचं कशावर?"

"आता कायदा बदलला. एकच जागा. म्हणून शहाण्णवला दुसरे आले आणि पडले."

"म्हंजी पडलंच की!" कौसल्याबाईंना हुरूप आला.

"पडले, पण थोडक्यात. तिथं माणशी दोन मतं, एक उमेदवाराला, एक पक्षाला; पक्षाच्या मतांवर थोडक्यात पडलेल्यांना यादीतून आत घेतात. ते खासदारच आहेत!"

"चौथा आला तवा जिंकला," तात्याबा बोटं मोजत म्हणाले, "दुसरा आला तवा पडला, आन पडला म्हणून खासदार झाला! माझं डोस्कं गरगराय लागलं."

स्वराली साहेबांना सगळं समजावून सांगत होती, आणि साहेबांचा चेहरा गंभीर होत चालला होता. गेली टाकी! कौसल्याबाईंना नासक्या दुधाचा वास आत्ताच यायला लागला.

साहेब बोलले ते खाली बघून, आणि स्वरालीचाही आवाज बारीक झाला.

"ते म्हणतात, निकालाच्या रात्री सगळे माझं अभिनंदन करत होते. आत गेलास, मग झालं! पण वडिलांची जागा मी घालवली होती. मला वाईट वाटतंय, हे म्हणायला कुणी वावच दिला नाही. तुम्ही पहिलेच, ज्यांनी मला पडलेला म्हणून जेवायला बोलावलं."

कौसल्याबाईंनी ताटात भाकरी वाढली. साहेब रामहरींच्या शेजारी मांडी घालून बसले, तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत जेवले आणि पिठलं दोनदा मागून घेतलं. मग विचारलं, "हे कितीनं पडले?"

"सातनं," स्वरालीनं सांगितलं.

साहेबांनी रामहरींचा हात धरला. "आमच्याकडं असता, तर आत असता!"

त्या दिवसापासून रामहरी भिंतीकडं तोंड करून झोपले नाहीत. हार मात्र कौसल्याबाईंनी त्याच संध्याकाळी उतरवला.

पुढच्या उन्हाळ्याआधी टाकी आली. हलगी वाजली, गुलाल उधळला, आणि बटण दाबायचा मान साहेबांच्या निरोपाप्रमाणं थोडक्यात पडलेल्या उमेदवाराला मिळाला. आता संध्याकाळचं दूध नासत नाही. टाकीचा गार पत्रा हाताला लागला, की कौसल्याबाई मनातल्या मनात जपानातल्या साहेबांच्या मतदारसंघात आपली दोन मतं टाकतात.

रामहरींचं मात्र अवघड झालंय. परवा दूध घालायच्या रांगेत ते उशिरा आले आणि सरळ पुढं घुसले.

"किती नंबर तुमचा?" कौसल्याबाईंनी वर न बघता विचारलं.

"चौथा धर की! साहेबांच्यात चौथा निवडून येतो."

"त्र्याण्णवपातुर," कौसल्याबाई म्हणाल्या. "कायदा बदललाय. मागं हुबं ऱ्हावा!"