तारांची तीन पाकिटं

विजयादशमीच्या सकाळी नऊच्या सुमारास सेतुमाधवरावांच्या डोळ्यांवर पंचा बांधलेला होता, मांडीवर इलेक्ट्रिक गिटार होती आणि ते स्वतःच्या बोटांचा वास घेत होते. वास चंदनाचा आला. तो यायला नको होता.

"भावजी, गिटार हातानं वाजवतात," समोरून मुरली म्हणाला. मुरली म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. खास या कामासाठी तो पहाटेच्या गाडीनं पापनाशमहून आला होता.

"गप बस. मी एकाग्र होतोय."

"नाकानं?"

सेतुमाधवरावांनी हात खाली घेतला. पंच्याखाली त्यांना घाम फुटला होता.

सेतुमाधवराव एका विमा कंपनीच्या तंजावूर कचेरीत दाव्यांची छाननी करत. म्हैस मेली म्हणून कोणी दावा लावला, की म्हैस मुळात होती का, इथपासून ते सुरुवात करत. कचेरीत या स्वभावाला मान होता. घरी तोच स्वभाव काजूच्या डब्यापर्यंत पोचला होता. त्यांचा विश्वास फक्त मेला वीधी या रस्त्यावरच्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीवर होता. तिथं त्यांची गिटार होती, अँप्लिफायर होता आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या तारा होत्या. नोकरीनंतरचा सगळा वेळ ते या तारांची तुलना करत. कुठली तार खणखणीत वाजते, कुठली गोल वाजते, कुठली बोटाला खरखरते, कुठली ओढली तर मुकाट येते आणि कुठली भांडते, यावर ते जेवताना बोलत. ऐकायला घरात एकटी त्यांची बायको अलमेलु होती.

नवरात्र लागलं त्या दिवशी अलमेलु म्हणाली, "अहो, ती मागची खोली मला पाहिजे."

"कशाला?"

"चुम्मा. पाहिजे."

एवढंच. चुम्मा म्हणजे उगाच, आणि उगाच कोणी काही मागत नाही, हे छाननीचं पहिलं सूत्र. सेतुमाधवरावांनी तर्क केला: शिवणयंत्र. अलमेलूच्या बहिणीनं नुकतंच घेतलं होतं. तर्क बसला, म्हणून त्यांनी पुढे चौकशी केली नाही.

त्याच संध्याकाळी नवरात्रातला कोलू बघायला मुरली आला. कोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडलेल्या पायऱ्यांसमोर बसून प्रसादाची उसळ, सुंडल, खाता खाता त्यानं बहिणीची बाजू घेतली. "अक्का, दे म्हणून विचारतेस कशाला? भावजी तिथं करतात काय? तार लावतात, तार काढतात. तार म्हणजे तार. आमच्या नारळीच्या कुंपणाला आहे तीच."

"डोळे बांधून सांगेन कुठली कुठल्या कंपनीची," सेतुमाधवराव म्हणाले.

"खोलीवर?"

रागाच्या भरात सेतुमाधवराव हो म्हणाले. अलमेलूनं सुंडलचा वाडगा खाली ठेवला. "सरि, ठरलं. तीन सांगा. तिन्ही बरोबर आल्या तर खोली तुमची, मी नाव काढणार नाही. एक जरी चुकली तरी माझी."

अटी ठरल्या. तीन कंपन्यांच्या तारांची तीन पाकिटं, लाल, निळं आणि पिवळं. पंच म्हणून शेजारच्या वासुकी टीचर. त्या वीणा शिकवत आणि त्यांच्यासमोर खोटा स्वर लावायची कोणाची छाती नव्हती. कुठली तार कधी लावायची ते त्या सांगणार. एकच दोनदाही लावू शकतील, म्हणजे शेवटचं उत्तर वजाबाकीनं काढता येणार नाही. मुहूर्त विजयादशमीचा. राहिला एकच प्रश्न, तारा बदलणार कोण? मुरलीला सेतुमाधवराव गिटारला हात लावू देणार नव्हते आणि टीचर म्हणाल्या, "वीणा सोडून दुसऱ्याला मी हात लावत नाही, सार."

"मी बदलते," अलमेलु म्हणाली. "फोनवर बघून शिकते. गजरा गुंफता येतो, तर हे काय!"

म्हणजे खोली जिला हवी तीच तारा बदलणार. सेतुमाधवरावांना त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुरावे दिसू लागले. गिटारचा खांद्यावरचा पट्टा आखूड केलेला होता. वाजवायची चकती डावीकडे ठेवली होती, ती उजवीकडे सापडली. कचेरीतून आल्यावर अँप्लिफायरला हात लावला तर तो कोमट होता. सामानाला कोणाचा तरी हात लागत होता. मुरली पापनाशमला होता, पण त्याची बहीण इथं होती.

एका सकाळी फिल्टरची कापी देताना अलमेलूनं सहज विचारलं, "या तिन्हींत बोटांना कमी कुठली लागते?"

लग्नाच्या एकवीस वर्षांत तिनं तारांबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. सेतुमाधवराव हरखून गेले. "लाल पाकीट! अस्सल निकेल. मऊ. निळं मधलं. पिवळ्यातलं पोलाद, ते खणखणतं पण बोटं सोलतं." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आपण शत्रूला माहिती पुरवली. आता ती मऊ तार कडक वाटावी म्हणून काहीतरी करणार.

तेव्हा त्यांनी बंदोबस्त केला. आपल्या कानांवर त्यांचा भरवसा होता, प्रश्न फक्त समोरच्या पार्टीच्या प्रामाणिकपणाचा होता, असं त्यांनी स्वतःला समजावलं. देवघरातला कापूर घेऊन लाल पाकिटातल्या तारांना चोळला. स्वयंपाकघरातला हिंग निळ्या पाकिटातल्या तारांना चोळला. पिवळ्या तशाच ठेवल्या. पाकिटं पुन्हा चिकटवली. नंतर ताटात भात कालवताना आपल्याच बोटांचा हिंगाचा वास आला आणि ते स्वतःशीच हसले. अलमेलूनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा होती.

त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार देवीपुढं जातं. विळी गेली, इडियाप्पमच्या शेवयांचा साचा गेला, सेतुमाधवरावांचं कॅल्क्युलेटर गेलं. दारातल्या स्कूटरला चंदनाचे ठिपके लागले. शिवणयंत्र पूजेत नव्हतं, कारण ते घरात नव्हतंच, आणि घरात यायच्या वाटेवर आहे असंही कोणी म्हणालं नव्हतं. सेतुमाधवरावांनी ही नोंद घेतली नाही. त्यांची नजर गिटारवर खिळली होती. कोलूच्या खालच्या पायरीला टेकून ती उभी होती, कपाळावर कुंकू लावल्यासारखी. तिच्या पायाशी तिन्ही पाकिटं होती. उघडलेली.

"पाकिटं कोणी उघडली?"

"मी. पूजेला ठेवायच्या तर पुसायला नको?" अलमेलु वात लावत म्हणाली. "ऐयो, काय वास! निळ्यातून तर सांबाराचा वास येत होता. देवीपुढं सांबार? ओल्या फडक्यानं सगळ्या पुसल्या, चंदन लावलं. आता कशा प्रसन्न दिसतात."

"सगळ्यांना? चंदन?"

"मग काय, एकीला लावून दुसरीला नाही?"

सेतुमाधवराव पुढं झाले.

"हात लावू नका!" अलमेलूनं त्यांचं मनगट धरलं. "पूजेला बसलेलं उद्यापर्यंत उठवायचं नसतं. हे तुम्हाला मी सांगायचं?"

ते मागं सरले. तक्रार करायची सोय नव्हती. माझा हिंग का पुसलास, असं विचारता येत नव्हतं. त्या दिवशी ते पाच वेळा कोलूजवळून गेले आणि पाचही वेळा अलमेलु तिथं फुलं ओवत बसलेली होती.

अशा रीतीनं विजयादशमीच्या सकाळी त्यांच्या बोटांना चंदनाचा वास आला.

"वाजवा, सार," वासुकी टीचर म्हणाल्या.

दुसरा इलाज उरला नव्हता, म्हणून सेतुमाधवरावांनी वाजवलं. मोहनम् रागातली एक साधी जागा घेतली, पुन्हा घेतली. मग तार ओढून पाहिली. ती आली, पण थोडी कुरकुरत. जाड तारेचा आवाज गोल होता, शेवटाला मात्र कड होती. ते वास विसरले. पंच्याआड त्यांचे डोळे खरोखरच मिटले.

"निळं," ते म्हणाले.

टीचरांनी उत्तर लिहून घेतलं. अलमेलु गिटार घेऊन आत गेली आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर परत आली. फोनवर बघून शिकलेल्या बाईला तारा बदलायला एवढा कमी वेळ लागावा, हेही संशयास्पद होतं. पण दुसऱ्या तारेवर बोट पडताच ते संशयाचं विसरले. तार ओढली की मुकाट येत होती.

"लाल."

तिसऱ्या वेळी पहिलाच आघात भिंतीवर आपटून परत आला. बोटाखाली कानस होती.

"पिवळं. शंभर टक्के पिवळं."

त्यांनी स्वतःच पंचा सोडला. वासुकी टीचर त्यांच्याकडे बघत होत्या. कधी नव्हे ते त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "तिन्ही बरोबर," त्या म्हणाल्या.

सेतुमाधवरावांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते स्वतःचं. इतकी वर्षं जेवताना ते जे बोलत होते ते खरं होतं! ते उठून उभे राहिले.

"थांबा," अलमेलु म्हणाली आणि आतून एक ओलं फडकं घेऊन आली. ते तिनं आधी टीचरांच्या नाकाशी धरलं, मग मुरलीच्या.

"हिंग," मुरली म्हणाला. "आणि कापूर. अक्का, हे काय आहे?"

"तुझ्या भावजींना विचार."

मुरली इतका हसला की कोलूवरची मान हलवणारी बाहुली डोलायला लागली. "म्हणून तो हुंगण्याचा कार्यक्रम! भावजी, दावे तपासणारे तुम्ही, आणि घरात खोटा दावा!"

"पण वास नव्हताच!" सेतुमाधवराव ओरडले. "हिनं पुसून टाकला होता! मी कानानं ओळखलं. बोटांनी ओळखलं. देवीशपथ!"

"वास होता की नव्हता ते तुमच्या नाकाला ठाऊक," मुरली म्हणाला. "धुतला तरी हिंग जातो होय?"

आणि हे ऐकल्यावर एक भयंकर गोष्ट झाली. सेतुमाधवरावांना स्वतःचाच संशय आला. निळ्याच्या वेळी चंदनाखाली काहीतरी होतं का? पुसट सांबार? त्यांनी आठवून पाहिलं आणि जितकं आठवलं तितका वास वाढत गेला.

वासुकी टीचरांनी निकाल दिला. "उत्तरं बरोबर, नियत चूक. निकाल राखून ठेवते. दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी परत परीक्षा. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून. तोवर खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे."

गिटार आत राहिली. तिच्यावर पिवळ्या पाकिटातल्या तारा होत्या. कुलूप लागताना सेतुमाधवरावांनी हे मुद्दाम पाहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कचेरीतला सर्व्हर बंद पडला आणि ते लवकर घरी आले. दारातल्या ओट्यावर वासुकी टीचर मल्लिगैची फुलं ओवत बसल्या होत्या. घरातून गिटारचा आवाज येत होता.

कोणीतरी मोहनम् मधली तीच साधी जागा वाजवत होतं. हळू, अडखळत. एकदा चुकलं, थांबलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"टीचर, आत कोण?"

"परीक्षेपर्यंत पंचानं पार्टीशी बोलायचं नसतं, सार."

"किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

टीचरांनी दोऱ्याला गाठ मारली.

सेतुमाधवराव मधल्या घरात उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. आवाज भिंतीवर आपटत नव्हता. तार ओढली जात होती आणि मुकाट येत होती. ही पिवळी नव्हे. ही लाल. म्हणजे कुलूप लागल्यावर कोणीतरी तारा बदलल्या होत्या, आणि त्यांनी हे भिंतीपलीकडून ओळखलं होतं. नाकाचा काही संबंध नव्हता. साक्षीला कोणी नव्हतं.

टीचर ओट्यावरून खाकरल्या, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. आवाज थांबला.

थोड्या वेळानं अलमेलु परसाकडून आली. "लवकर आलात? बसा, कापी आणते." तिनं पेला आणि दवऱ्याची वाटी आणली आणि त्यांच्यासमोर कापी वरखाली ओतू लागली. वर उजवा हात, खाली डावा.

"आत कोण वाजवत होतं?"

"कुठं?"

"मागच्या खोलीत."

"टीचरांची कोणीतरी शिष्या असेल. तुम्ही कापी घ्या."

पेला घेताना तिच्या डाव्या हाताची बोटं त्यांच्या समोर आली. चार बोटांच्या टोकांवर बारीक करड्या रेघा होत्या. विळीनं अशा रेघा उठत नाहीत. सुईनं उठत नाहीत. गजऱ्याच्या दोऱ्यानं तर नाहीच. रेघा उथळ होत्या. पोलादानं यापेक्षा खोल जातात.

सेतुमाधवरावांना आखूड झालेला पट्टा आठवला. कोमट अँप्लिफायर आठवला. कमी कुठली लागते, हा प्रश्न आठवला, आणि तेव्हा आपण काय समजलो होतो तेही. त्यांनी कापीचा घोट घेतला. कापी नेहमीसारखीच होती.

"त्या जागेत," ते पेल्याकडे बघत म्हणाले, "तिसरं बोट जरा आडवं धरलं, तर चुकत नाही. कोणाची असेल ती शिष्या, तिला सांगायला हवं."

"टीचरांना सांगते," अलमेलु म्हणाली आणि डावा हात पदराखाली घेतला.

दीपावली अजून व्हायची आहे. चिमटा आणून ठेवलेला आहे. खोली कोणाला मिळणार, आणि सेतुमाधवराव त्या दिवशी बरोबर सांगणार की मुद्दाम एक चुकवणार, हे अद्याप समजलेलं नाही. आत त्या दुपारी लाल पाकिटातल्या तारा होत्या, एवढं मात्र पक्कं आहे.