साळूबाईंच्या रिकाम्या बिळाचा भाव

मुलांनो, एका जंगलात बिळांना भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी बिळांना नुसतं तोंड असायचं.

त्या जंगलात साळूबाई राहायच्या. अंगावर हातहातभर काटे, पण स्वभाव अगदी गरीब. त्यांच्या यजमानांनी टेकडीच्या उतारावर शेजारी शेजारी दोन बिळं खणली होती, आणि मग एका उन्हाळ्यात बिबट्यानं त्यांना नेलं. एका बिळात बाई राहत. दुसरं त्यांनी मुंगसे कुटुंबाला भाड्यानं दिलं होतं.

भाडं फार नव्हतं. दर पौर्णिमेला मुंगसेभाऊ ओंजळभर कंद आणून देत. शेजारी मुंगूस असल्यामुळे त्या उताराकडे साप फिरकत नसे. पण ते भाड्यात धरलेलं नव्हतं, म्हणून बाईंच्या कधी लक्षात आलं नाही.

रोज संध्याकाळी ओढ्याजवळच्या सपाट खडकावर बिळांच्या मालकांची बैठक भरे. मधोमध खवलेशेठ बसत. हे खवल्या मांजर. बिळं खणून विकणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या उजवीकडे घोरपडेकाकू. काकूंच्या मालकीची नऊ बिळं होती. त्या स्वतः एका दगडाखाली राहत.

"काळ मोठा अनिश्चित आहे," खवलेशेठ म्हणाले.

सगळ्यांनी माना हलवल्या. असं कुणी म्हटलं की माना हलवायच्या असतात, मुलांनो. कारण विचारायचं नसतं.

"साळूबाई, तुमच्याकडे अजून भाडेकरू आहेत म्हणे?" घोरपडेकाकूंनी विचारलं. अंगावर गोचीड दिसल्यावर विचारावं, तसं विचारलं.

"आहेत ना. चांगली मंडळी आहेत."

"चांगली असोत नाहीतर वाईट. राहिली की बीळ जुनं होतं. माझ्या नऊच्या नऊ बिळांत आजवर कुणाची शेपूटसुद्धा गेलेली नाही. एकदम कोरी!"

"मग त्या बिळांचा उपयोग काय?" बाईंनी साधेपणानं विचारलं.

खडकावर एकच हशा पिकला. खवलेशेठ तर हसता हसता गोल गुंडाळले गेले.

"बाई," ते उलगडत म्हणाले, "उपयोग राहणाऱ्याला असतो. मालकाला भाव असतो. भाड्यानं पोट भरतं. पोट काय, कुणीही भरतं."

ते हसू बाईंना फार लागलं. बिबट्यानंतर इतकं काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या बिळाच्या तोंडाशी गेल्या. मुंगसेवहिनी नुकत्याच बाळंत झाल्या होत्या. आत तीन पिल्लं कुईकुई करत होती.

"वहिनी, बीळ रिकामं करावं लागेल."

"काही चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही हो. बाजारच तसा आहे."

मुंगसेभाऊ पुढे आले. "कुठे राहतो हा बाजार? मी जाऊन भेटतो त्याला."

वहिनी म्हणाल्या, "पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तरी राहू द्या. चार-सहा दिवस."

बाईंनी आत पिल्लांकडे पाहिलं. पण संध्याकाळी खडकावर जायचं होतं. "आजच करा," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

वहिनींनी एकेक पिल्लू मानेला धरून ओढ्यापार नेलं. तीन पिल्लं, तीन खेपा. तिसऱ्या खेपेला 'थांबा' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण खडकावरून घोरपडेकाकू बघत होत्या. बाईंनी ओठ मिटले.

आणि काय सांगू, पुढच्या पौर्णिमेला बिळाचा भाव दुप्पट झाला! कसा झाला? काकूंनी बाईंच्या बिळाला भाव चढवला, बाईंनी काकूंच्या बिळांना चढवला आणि दोघींनी मिळून खवलेशेठचं अभिनंदन केलं. त्याच आनंदात बाईंनी वर्षभराची कंदांची बेगमी देऊन शेठकडून पलीकडच्या माळावर एक नवं बीळ घेतलं.

"एकदा आत जाऊन बघू का?" त्यांनी विचारलं.

"आत जायला तुम्ही काय भाडेकरू आहात?" शेठ म्हणाले. बाई लाजल्या.

मग सगळ्यांनीच बिळं रिकामी केली. ससे गेले, उंदीर गेले, उरलीसुरली मुंगसंही ओढ्यापार गेली. जंगलात इतकी शांतता झाली, की भाव चढल्याचा आवाज येईल. आणि त्या शांततेत साप आले.

एक भला थोरला नाग बाईंच्या रिकाम्या बिळात शिरला आणि वेटोळं घालून बसला. बाई धावत खडकावर गेल्या.

"शेठ, माझ्या बिळात नाग शिरलाय!"

"वा!" शेठ म्हणाले. "याला मागणी म्हणतात."

"पण तो भाडं देत नाही."

"मग तो भाडेकरू नाहीच. तुमचं बीळ अजून कोरं!"

त्या संध्याकाळी भाव पुन्हा चढला. बाई घरी आल्या, तर नागाचं कुटुंब वाढलेलं. त्यांच्या स्वतःच्या बिळातूनही एक फणा बाहेर आला.

"या ना, बसा," नाग अदबीनं म्हणाला. "सगळे आपलेच आहेत."

बाई बसल्या नाहीत. थेट माळावरच्या नव्या बिळाकडे गेल्या. डोकं आत घातलं आणि कपाळ मातीवर आपटलं. बीळ वीतभर खोल होतं. त्यापुढे सगळी टेकडी भरीव.

"शेठ, हे बीळ आहे की खळगा?"

"बाई," शेठ शांतपणे म्हणाले, "आत कुणी शिरणारच नव्हतं. उगाच पुढे कशाला खणायचं?"

घोरपडेकाकूंकडे जागा मागावी, तर त्यांच्या दगडाखाली एकटीलाच अंग चोरून बसावं लागे. बिळं नऊ होती खरी, पण तीही शेठनीच खणलेली.

पावसाला सुरुवात झाली होती. बाई दोन दिवस भिजल्या. तिसऱ्या दिवशी काटे पाडून ओढ्यापार गेल्या. मुंगसेभाऊंनी तिथे मोठं बीळ खणलं होतं. पिल्लांचे डोळे केव्हाच उघडले होते. ती बाईंकडे टकामका बघत राहिली.

वहिनी भाऊंकडे बघत होत्या, आणि बाई चिखलाकडे. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आत या. पिल्लांना काटे टोचणार नाहीत असं झोपा म्हणजे झालं."

आतली कोपऱ्यातली जागा कोरडी होती, उबदार होती. बाई पोटभर जेवल्या आणि दोन दिवस गाढ झोपल्या. भाड्याचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बिळाच्या भिंतींवरून पंजा फिरवला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, इकडे भाव काय चाललाय?"

"कसला?"

"बिळाचा."

"ते काही ठाऊक नाही बुवा. आम्ही यात राहतो."

बाईंना त्यांची मनापासून कीव आली. इतकी भली मंडळी, आणि इतकी अडाणी! त्या सरकून जवळ बसल्या आणि मायेनं म्हणाल्या, "माझं ऐका. उतार चांगला आहे, माती घट्ट आहे. पोरांना घेऊन कुठेतरी झुडपाखाली राहा, आणि हे रिकामं ठेवा. सोनं होईल सोनं!"

"आणि तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"मी आहे ना इथे," साळूबाई म्हणाल्या आणि कोपऱ्यात पाय लांब केले. "माझं काय, मी काही भाडेकरू नाही."

तात्पर्य : घर राहण्यासाठी नसतं, सांगण्यासाठी असतं. मात्र ज्यांना बाहेर काढलं, त्यांचा नवा पत्ता शहाण्या मालकानं जपून ठेवावा.