महारुद्रनं सील केलेला मासा

महारुद्रच्या मते अख्ख्या मराठवाड्यात त्याच्यासारखा गुप्तहेर नव्हता. हे खरंच होतं, कारण दुसरं कुणी त्या फंदात पडलंच नव्हतं. तलाठी म्हणून तीस वर्षं पिकांचे पंचनामे करून तो रिटायर झाला होता. गुन्हेगार तो नुसत्या नजरेनं ओळखायचा. दरवेळी चुकीचा ओळखायचा, एवढंच.

परवा पहाटे शेजारच्या सरजाबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या लेकीनं, सत्यशीलानं, संशोधनासाठी समुद्रातला एक मासा आदल्याच दिवशी परभणीत आईच्या घरी आणून काचेच्या पेटीत ठेवला होता. बोटाएवढा, हळदीसारखा पिवळा. इंग्रजीत नाव हातभर, मराठीत नावच नाही.

"भाऊ, पेटीत मासाच न्हाई! लेक उद्या तिच्या सरला घेऊन यायलीय. दोन वर्षांची मेहनत हाय तिची. काय तोंड दाखवू मी?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कशालाच हात लावू नका," महारुद्र गरजला. त्यानं बाईंची नवी चादर पेटीवर टाकली, दोरी बांधली, लाख लावली. पंचनामा पुरा होईस्तोवर जैसे थे!

पहिला संशय मांजरीवर. ती त्याच्याच घरची निघाल्यानं तिला सन्मानानं सोडण्यात आलं.

"काल जेवायला काय होतं?"

"सुकट."

महारुद्र ताडकन उठला. "कबूल करा!"

"ताडकळसच्या बाजारातली हाय, मुडद्या!"

मग त्यानं सिद्धांत मांडला की मासा खाऱ्या पाण्यात विरघळला. मासे समुद्रात का विरघळत नाहीत, हे बाईंनी विचारल्यावर त्यानं पंचनाम्याचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरजाबाईंनी सरळ लाख फोडली. "पावणे आले की काय अंथरू? माझी चादर द्या!" चादर ओढून, पेटी पुसायला त्यांनी वरचा दिवा लावला. थोड्या वेळानं तळाची वाळू हलली. आधी डोळे, मग अख्खा पिवळा मासा वर आला.

सरजाबाईंनी रडत-हसत लेकीला फोन लावला आणि मासा दोन दिवस दिसत नव्हता हे सांगितलं.

"अगं आई, अंधार झाला की तो वाळूत शिरून झोपतो. सकाळी दिवा लावला की उठतो. दोन दिवस अंधार केला कुणी?"

फोन स्पीकरवर होता. महारुद्र छताकडे बघू लागला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच खरा गुन्हेगार सापडला होता, आणि नेमका ओळखीचा निघाला.

"आमी स्टेशनवर उतरलोय. आलोच!"

सरजाबाईंनी चादर झटकली. "भाऊ, सरचा चहा होईस्तोवर आता तुमीच जरा गायब व्हा."

महारुद्र मागच्या दारानं असा सटकला की मागे एकही पुरावा राहिला नाही. चपला तेवढ्या पुढच्या दारात राहिल्या.